आटलेलं डोकं

माझ्या मुलीचं डोकं एका गुरुवारी दुपारी जवळजवळ अडीच सेंटिमीटरने आटलं. आदल्या गुरुवारी ते अडतीस पूर्णांक आठ होतं, या गुरुवारी छत्तीस पूर्णांक चार झालं. मी तेव्हा मंगरूळपीरपासून आठ-दहा किलोमीटरवर एका तुरीच्या वावरात उभा होतो. समोर दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते आणि त्यांच्यातला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, कुठून जातो ते मला सांगायचं होतं. फोन थरथरला, मी बघितला, आणि पुढची पाच मिनिटं धुरा कुठून जातो ते मला सांगता येईना.

मी भूकरमापक आहे. हा सरकारी शब्द. लोक मोजणीवाला म्हणतात, काम असलं की मोजणीवाले साहेब म्हणतात, आणि मोजणी विरुद्ध गेली की काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजतो आहे. साखळी गेली, आता रोव्हर आलाय. काठीवर बसवलेलं पांढरं यंत्र उपग्रहाला विचारतं आणि आपण कुठे उभे आहोत ते सेंटिमीटरपर्यंत सांगतं. तरीही दर मोजणीत एक माणूस हमखास म्हणतो, “साहेब, माह्यं वावर कमी कसं झालं?” त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. मी म्हणतो, बाबा, जमीन काही उन्हानं आटत नाही आणि थंडीनं आखडत नाही. कमी भरली असेल तर आधीचा मोजणारा चुकला किंवा आत्ताचा. आत्ताचा मी असल्यामुळे चूक आधीच्याची, हे ओघानेच येतं.

त्या दुपारीही हे उत्तर माझं देऊन झालं होतं, फोन येण्याच्या अर्धा तास आधी. पण माझ्या लेकराचं डोकं लहान झालं असं फोनने सांगितलं तेव्हा मला ते आठवलं नाही. डोकं आटत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं अशातला भाग नाही. मी घाबरलो होतो आणि घाबरलेल्या माणसाला आकडा दिसला की तो आकड्यावर विश्वास ठेवतो.

घाबरण्याला कारण होतं. माझी मोठी बहीण धनजला दिली आहे. तिची मुलगी आता बारा वर्षांची आहे. ती हसते, माणसं ओळखते, माझ्या गाडीचा आवाज ऐकला की दारापर्यंत येते. पण ती बोलत नाही, आणि परकराची नाडी तिला अजून बांधता येत नाही. ती तान्ही असताना तिचं डोकं वाढत नव्हतं आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या थंडीत शिवलेलं टोपरं दुसऱ्या थंडीतही बसलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, कापड वाचलं म्हणून. त्या कौतुकात मीही होतो. पुढे डॉक्टर म्हणाले की आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं असतं असं नाही. मी मात्र त्यातलं ‘आधी कळलं असतं’ एवढंच ऐकलं.

त्यामुळे लग्नानंतर सात वर्षांनी मला मुलगी झाली तेव्हा मी तिचे डोळे कुणासारखे आहेत ते पाहण्याआधी डोकं पाहिलं. ते लांबुळकं होतं. बाळंतपण लांबलं होतं, त्यामुळे असं होतं, काही दिवसांत गोल होईल, असं दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. निघताना त्या सहज म्हणाल्या, डोक्याचा घेर महिन्यातून एकदा मोजत जा. त्या हे सगळ्याच आईबापांना सांगत असणार. मी ते माझ्यासाठी खास सांगितलं असं धरलं आणि महिन्यातून एकदाचं आठवड्यातून एकदा केलं.

अडचण अशी की डोकं रिसोडकडे होतं आणि मी मंगरूळपीरला. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने बायको आईकडे गेली होती. रिसोडपासून अर्ध्या तासावरचं गाव, घरात सासूबाई एकट्या. सासरे जाऊन पाच वर्षं झाली, मेहुणा बायको-पोरांना घेऊन पुण्याकडे कामाला. मी दर रविवारी जायचो, पण एका रविवारी मोजून पुढच्या रविवारपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मुलगी अडीच महिन्यांची असताना फोनमध्ये शोधलं तर डोकं मोजणारं ॲप निघालं. ते फुकट होतं आणि मराठीत होतं, म्हणजे मराठी अक्षरांत होतं. उघडल्याबरोबर ते म्हणायचं, ‘आपल्या शिशूच्या शिरासह आपले स्वागत आहे.’ मोजून झालं की म्हणायचं, ‘आपले डोके यशस्वीरीत्या जतन झाले आहे.’ हे वाक्य मी कार्यालयात वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले की असं काही आमच्या साहेबांसाठीही मिळतं का बघा.

पद्धत सोपी होती. बाळाला गादीवर निजवायचं, टोपरं काढायचं, डोक्याशेजारी एक कार्ड ठेवायचं, एक फोटो वरून घ्यायचा आणि एक बाजूने. कार्डाचा आकार ॲपला ठाऊक असतो, त्यावरून ते डोक्याचा घेर काढतं. ॲप दोघांच्या फोनमध्ये होतं; फोटो बायको काढायची, आकडा फोटोसकट माझ्या फोनवर यायचा. मला हे फार आवडलं. माहीत असलेल्या लांबीवरून माहीत नसलेली काढायची, हाच तर माझा धंदा. पहिल्या गुरुवारी मी रजा काढून तिथे होतो. बायकोच्या पर्समधलं एटीएम कार्ड काढलं, डोक्याशेजारी ठेवलं, कार्डाच्या कडेने हिरवी रेघ उमटली. बायकोला म्हटलं, “हे पाय. कार्डाशिवाय फोटो काढायचा नाई. कार्ड ठेवलं नाई तं समदं वाया.” ती हो म्हणाली. पुढे दर गुरुवारी फोनवर माझा पहिला प्रश्न तोच असायचा, कार्ड ठेवलं का, आणि तिचं उत्तर असायचं, ठेवलं.

सासूबाईंना हा प्रकार पसंत नव्हता. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो; ती मला जवाईबापू म्हणते आणि माझ्याशी बोलताना पदर सारखा करते. शाळेत ती कधी गेली नाही. पण गावात लेकरू झालं की पहिला सव्वा महिना न्हाऊ घालायला तिला बोलावणं येतं, आणि ती जाते, चहाशिवाय काही घेत नाही. गावातली चाळिशीच्या आतली निम्मी डोकी तिच्या तळहाताखालून गोल होऊन गेलेली आहेत. त्यातल्या काही डोक्यांशी मोजणीच्या निमित्ताने माझा संबंध आला आहे. आतून ती कशी आहेत याला ती जबाबदार नाही. बाहेरून मात्र एकेक डोकं पाहण्यासारखं आहे.

“लेकराचं मोजू नाई, जवाईबापू,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “मोजलं का नजर लागते. वाढते थे वाढू द्या गुपचूप.”

“मामी, हे डॉक्टरनंच सांगतलं.”

“डॉक्टरनं गुरुवारी-गुरुवारी सांगतलं का?”

मी तिला आलेख दाखवला. आलेखात जन्माच्या वेळच्या आकड्यापासून आजच्या आकड्यापर्यंत एक निळी रेघ वर चढत होती. तिने फोन हातात न घेता लांबूनच पाहिलं आणि म्हणाली की नाला दिसून राह्यला. मग काजळाचं बोट घेऊन आली आणि फोटो काढून झाल्यावर मुलीच्या कपाळाच्या कडेला तीट लावून गेली. दर गुरुवारी हे असंच चालायचं. आधी माझं शास्त्र, मग तिची दुरुस्ती.

तीन गुरुवार सुरळीत गेले. सदतीस आठ, अडतीस तीन, अडतीस आठ. चौथ्या गुरुवारी तो आटलेला आकडा आला. निळी रेघ एकदम खाली वळून लाल झाली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘वाढ अपेक्षेपेक्षा न्यून. कृपया वैद्यकास भेटा.’

मी दोन्ही भावांना म्हटलं, चहा घेऊन येतो, आणि बांधाच्या पलीकडे जाऊन बायकोला फोन लावला.

“कार्ड ठेवलं होतं का?”

“ठेवलं होतं.”

“नीट? लेकराच्या डोस्क्याच्या बरोबरीनं?”

“नीट ठेवलं. हिरवी रेघ आली होती.”

“टोपरं काढलं होतं?”

“काढलं होतं. काहून, काय झालं?”

“काई नाई. अजून एक बार काढ फोटो.”

तिने पुन्हा काढला. छत्तीस पूर्णांक पाच. आमच्या कामात एक नियम आहे: एकच लांबी दोनदा मोजायची आणि दोन्ही आकडे जुळले तर मोजणी बरोबर धरायची. आकडे जुळले होते. मी नियमाप्रमाणे हादरलो.

मी बायकोला आकडा सांगितला. ती म्हणाली, “अंगनवाडीतल्या ताईपाशी टेप हाये. दोन घरं सोडून तं राह्यते थे. बलावू का तिले?”

“टेपचं काय सांगतं? टेप मानसाच्या हातात राह्यते. कोनी तानते, कोनी ढिली धरते.”

हे मी म्हणालो. दोन घरं सोडून एक बाई होती, तिच्या हातात टेप होती, दोन मिनिटांचं काम होतं. पण चौदा वर्षं मी माणसांच्या हातातली टेप पाहिली होती आणि माणसाच्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता. चहा न पिताच मी परत वावरात गेलो, त्या दोन भावांना धुरा दाखवला, दोघेही नाराज झाले, म्हणजे तो बरोबर असावा.

संध्याकाळभर मी फोनमध्ये वाचत बसलो. डोक्याची वाढ का थांबते याची कारणं फोनमध्ये भरपूर आहेत आणि प्रत्येक कारण आपल्यालाच लागू पडतं. वाचता वाचता एका ठिकाणी लिहिलेलं दिसलं की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर दाब देऊ नये. एवढ्या एका ओळीने माझं काम सोपं केलं. मला भीती होती आणि तिचा दोष द्यायला आता एक माणूस मिळाला होता. दोन तळहातांत लेकराचं डोकं धरून गोल गोल फिरवणारी मामी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

शुक्रवारी रजा टाकून मी निघालो. वाशीमला गाडी बदलून रिसोडला आणि तिथून जीपने गावात पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते आणि नेमकी आंघोळीची वेळ होती. मागच्या अंगणात ऊन आलं होतं. मामी पाटावर पाय लांब करून बसली होती, मुलगी तिच्या पायांवर उताणी, उघडी, तेलाने चकचकीत. शेजारी तिळाच्या कोमट तेलाची वाटी. मामी टाळूवर तेलाची धार धरून ते बोटांनी जिरवत होती आणि मुलगी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, कुणी राजाच्या घरची असल्यासारखी पडली होती. बायको पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती. मला पाहून मामीने एका हाताने पदर सारखा केला.

“या ना जवाईबापू. अचानक?”

मग तिने तेलाचे हात मुलीच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी लावले, नेहमीसारखे.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर ते मी अनेकदा मनात ऐकलं आहे. मी म्हणालो, “मामी, हात काढा. तुमच्या ह्या दाबादाबीनं पोरीचं डोस्कं वाढनं थांबलं. ज्याले मोजता येत नाई त्यानं लेकराच्या डोस्क्याले हात लावू नये.”

“अहो,” बायको म्हणाली. मामीने हात काढले. तळहातांवर तेल उरलं होतं, ते तिने आपल्या पोटऱ्यांना पुसलं, मुलीला फडक्यात गुंडाळून बायकोकडे दिलं आणि तेलाची वाटी उचलून आत ठेवून आली. मला वाटलं, मी एक अवघड काम ठामपणे केलं. खरंच तसं वाटलं. लेकराला वाचवणाऱ्या बापाला जसं वाटतं तसं.

तासाभरात आम्ही रिसोडला लेकरांच्या डॉक्टरकडे होतो. मामी बरोबर आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण दुपट्यांची पिशवी घेऊन ती जीपमध्ये मागच्या बाजूला बसली आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट, तारखेवार, खूप तयारीने. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकलं, टेबलाच्या खणातून कागदाची एक पट्टी काढली आणि मुलीच्या डोक्याभोवती गुंडाळली. भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून, हलकेच. पट्टी काढून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी खुर्चीच्या कडेला आलो होतो.

“एकोणचाळीस दोन,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे छान. जसं पाहिजे तसं.” त्यांनी टाळू चाचपली, मुलीला हसवलं, तिच्या डोळ्यांसमोरून पेन फिरवलं. ती पेनाबरोबर नजर फिरवत राहिली. “कशानं मोजलं होतं तुम्ही?”

मला तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मी आनंदाने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कालचा फोटो मोठा करून पाहिला. मग विचारलं, “हे कार्ड कशाचं आहे?”

मी पाहिलं. डाव्या बाजूला माझ्या मुलीचं डोकं होतं, जावळासकट. उजव्या बाजूला, हिरव्या रेघेच्या चौकटीत, आधार कार्ड होतं. साधं कागदी, रिसोडच्या दुकानातून लॅमिनेशन करून घेतलेलं, चारी बाजूंनी प्लास्टिकची चांगली रुंद कड सोडलेली. कार्ड मामीचं होतं. त्यावरच्या छोट्या फोटोतून मामी डोळे वटारून समोर बघत होती.

“कार्ड ठेव म्हनलं तुमी,” बायको म्हणाली. “ठेवलं.”

“एटीएमचं ठेवायचं होतं.”

“माह्यं एटीएम तुमच्याच पाकिटात हाये. गेल्या रविवारी नेलं ना तुमी, तुमचं चालून नाई राह्यलं म्हनून.”

मी पाकीट काढलं नाही. ते तिथेच होतं, मला माहीत होतं. मामीचं कार्ड बँकेच्या कार्डापेक्षा सहा-साडेसहा मिलिमीटरने मोठं होतं, ॲपने मोठ्या कार्डाला नेहमीचं कार्ड समजून डोकं तेवढ्या मानाने लहान केलं होतं, आणि दोनदा एकच आकडा आला कारण दोनदा एकच चूक झाली होती. साखळीची एक कडी वाकली की सगळं गाव चुकतं, हे मी नवीन लागलेल्या मुलांना शिकवतो.

“आपण काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“सरकारी नोकरी,” मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा मामी बाकावरून उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. “लेकरू बरं हाये ना?”

“बरं हाये, मामी. फोनची चूक झाली होती.”

“बस मंग,” ती म्हणाली आणि पिशवीतून टोपरं काढून बायकोच्या हातात दिलं.

फोनची चूक. फोनला तोंड नसतं, हे त्यातल्या त्यात बरं. कार्डाचं, पाकिटाचं, बारीक अक्षरांत ‘फक्त बँकेचे कार्ड’ असं लिहिलं होतं आणि मी ते बायकोला सांगितलं नव्हतं, यातलं मी काहीही बोललो नाही. मला माफी मागायची लाज वाटत होती. आपल्याकडे जावयाने सासूची माफी मागण्याची सोय केलेली नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. ते पुरलं नाही, पण तेवढ्यावर मी मंगरूळपीरला परत गेलो.

त्या रविवारी गेलो नाही; त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा आंघोळ चाललेली होती. पाटावर बायको पाय लांब करून बसली होती. मामी दाराच्या उंबऱ्याशी, हात मांडीत ठेवून. पाणी तिने तापवून ठेवलं होतं, तेल कोमट करून ठेवलं होतं, धुरीसाठी निखारे काढून ठेवले होते, आणि तिथून सांगत होती. मान धर. कानात पानी जाऊ देऊ नको. आता पालथी घे. बायकोचे हात नवखे होते. मुलगी निसटत होती आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडत होती. आठ दिवस हे असंच चाललंय, असं बायको नंतर मला म्हणाली. “मी म्हनलं आई तू घे, तं म्हनते मले मोजता येत नाई.”

हे तिने रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती थकली होती, बाळंतीण बाई, तिचे हात दुखत होते.

तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचंच. जेवण झाल्यावर मामी सुपात हरभऱ्याची डाळ घेऊन बसली होती, मी जाऊन समोर बसलो. फोन काढला. आधी तिच्यादेखत ॲप काढून टाकलं. त्यातही त्याने विचारायचं ते विचारलंच: ‘आपण आपले डोके कायमचे हटवू इच्छिता?’ मी होय दाबलं. मग फोनमध्ये उरलेला फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं, सरळ, एकामागून एक. कार्ड कशासाठी लागतं, बँकेचं कार्ड केवढं असतं, ते माझ्या पाकिटात कसं राहिलं, आधार कार्ड मोठं कसं आणि डोकं छोटं कसं दिसलं. चूक माझी, असं मी दोनदा म्हणालो. दोन कार्डं एकावर एक ठेवून कडेचा फरकही दाखवला. मोजणीत लोकांना नकाशा समजावून सांगतो तसं मी तिला समजावलं, आणि मला वाटतं, मी ते चांगलं समजावलं.

मामीने सगळं ऐकून घेतलं. फोन पहिल्यांदाच हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मुलीचं डोकं पाहिलं, शेजारचा आपला फोटो पाहिला. मग फोन परत दिला.

“म्हंजे माह्याच कार्डानं झालं,” ती म्हणाली.

“तसं नाई, मामी.”

“नाई कसं. तुमीच तं सांगून राह्यले. एटीएम राह्यलं असतं तं डोस्कं बरोबर आलं असतं, माह्यं कार्ड ठेवलं म्हनून लहान झालं.” तिने आपलं कार्ड उचललं, पदराने पुसलं. “दुकानवाल्यानं इचारलं होतं, कड ठेवू का कापू. मीच म्हनलं ठेव, मजबूत राह्यते.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ती मान हलवत राहिली, हो, हो, म्हणत राहिली, आणि सुपातले खडे वेचत राहिली. मी जितकं नीट सांगत होतो तितकी चूक तिच्या अंगाला घट्ट चिकटत होती. शेवटी मी थांबलो. माझी चूक तिने स्वतःच्या नावावर फेरफार करून घेतली होती आणि ती परत कशी मिळवायची याचा अर्ज मला माहीत नव्हता. आधार कार्ड तिने ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिलं.

आणखी तीन आठवड्यांनी मी बायको-मुलीला न्यायला गेलो. मुलगी सव्वाचार महिन्यांची झाली होती, मान धरायला लागली होती, आवाजाच्या दिशेने डोकं वळवत होती. बायको आता सराईतपणे न्हाऊ घालत होती. घेर डॉक्टरांनी महिन्यातून एकदा मोजायला सांगितला होता, तो अंगणवाडीतल्या ताईने येऊन टेपने मोजला, आणि ताई टेप ना ताणते ना ढिली धरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सगळं ठीक होतं. मामीने बायकोची ओटी भरली, माझ्या हातात नारळ आणि टॉवेल दिला, पापड-कुरडयांचा डबा बांधला. जीप दारात उभी होती. तिने काजळाची डबी आणली, बोटावर काजळ घेतलं आणि वाकून मुलीचं पाऊल हातात धरून तळव्याला तीट लावली. कपाळाला नाही.

मला ते दिसलं. मी बायकोकडून मुलगी घेतली, मामीसमोर धरली आणि म्हणालो, “मामी, तिच्या डोस्क्यावर हात ठेवा. आशीर्वाद द्या तिले.”

मामीने हात पदराला पुसले. दोन्ही तळहात मुलीच्या डोक्याच्या वर आणले आणि तिथेच धरून ठेवले, चार बोटं अंतरावर. मुलगी वर बघून त्या हातांकडे हसायला लागली. मामीने माझ्याकडे पाहिलं.

“कितीक भार टाकू थे सांगा, जवाईबापू,” ती म्हणाली. “तेवढाच टाकीन.”

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती.